मालिका संपल्याची हुरहूर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : माणसं खोटी, म्हणून त्यांच्यासाठी वाटणारं दुःखही खोटं.

वस्तुस्थिती : ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली आणि ७ मार्च २०२१ रोजी संपली. साडेचार वर्षं तिची नायिका राधिका सुभेदार घरोघरी येत राहिली, तीही नागपूरकडचं बोलणं तोंडी घेऊन. पुण्या-मुंबईच्या मराठीत रंगणाऱ्या मालिका पाहणाऱ्या विदर्भातल्या अंजनगाव सुर्जीत ती घरातलीच वाटली, तर नवल नाही. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी ओळखीबद्दल डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलं आहे. समोरचा अभिनय आहे हे पाहणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरी ओळख जडतेच, कारण ती खरेखोटेपणावर नाही, रोजच्या भेटीवर पोसली जाते. याच मालिकेत शनायाचं काम करणारी अभिनेत्री मधेच बदलली, तरी शनाया शनायाच राहिली. म्हणजे जीव जडतो तो नटीवर नव्हे, पात्रावर. मालिका संपते तेव्हा तेच पात्र जातं. नटी काय, दुसऱ्या वाहिनीवर दिसेलही.

गैरसमज : हे रिकामटेकड्या, एकट्या बायकांचं खूळ आहे, आणि तेही हल्लीचं.

वस्तुस्थिती : रामानंद सागर यांचं ‘रामायण’ ७८ भागांनंतर ३१ जुलै १९८८ रोजी संपलं, तेव्हा उत्तरकांडही दाखवावं म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला होता. त्यांना रिकामटेकडं कोण म्हणेल? एकटेपणाचा संबंध मात्र अगदीच नाही असं नाही. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका २००४ मध्ये संपल्यावर केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी तिच्या विद्यार्थी-प्रेक्षकांचा अभ्यास केला. एकटेपणाने दुःखात भर पडते हे त्यात दिसलं, पण सर्वांत मोठं कारण निघालं ते पात्राशी असलेल्या नात्याची घट्ट वीण. मग हे घरातलं माणूस जाण्याइतकं मोठं दुःख मानायचं का, असा उलट प्रश्न कोणी करेल. तर नाही. खऱ्या नात्यातल्या ताटातुटीपेक्षा हा त्रास बराच सौम्य असतो, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. दुःख लहान आहे, पण लहान म्हणून ते लटकं ठरत नाही.

गैरसमज : लगेच दुसरी मालिका लावली की झालं.

वस्तुस्थिती : वाहिन्या त्याच वेळेला नवी मालिका सुरू करतात आणि लोक ती बघतातही, हे खरं. पण त्यावरून वेळेची सवय टिकली एवढंच सिद्ध होतं. मालिकेसोबत तीन गोष्टी जातात : पात्रं, ठरलेली वेळ आणि दुसऱ्या दिवशीच्या गप्पा. रात्री ऐन वेळी लाइन गेली, की सकाळी नळावर शेजारणीला “काल काय झालं वं?” असं विचारलं जायचं. त्या विचारण्यात मालिका निमित्तमात्र होती, शेजार खरा होता. नवी मालिका वेळ भरून काढते. तिच्या पात्रांशी ओळख व्हायला मात्र महिने लागतात. म्हणून घाई करण्यापेक्षा उरलेलं जपावं. जिच्याशी गप्पा व्हायच्या तिच्याकडे त्याच वेळी जाऊन बसावं. आवडता जुना भाग पुन्हा पाहायलाही हरकत नाही : आवडत्या मालिकेच्या नुसत्या आठवणीनेही तुटलेपणाची भावना कमी होते, असं जेय डेरिक या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत आढळलं. बहुतेकांची हुरहूर एवढ्याने ओसरते. दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण किंवा कामधाम बिघडलेलंच असेल, तर मात्र दोष मालिकेच्या माथी मारू नये. दुःख आधीचंही असू शकतं, मालिकेने ते झाकलेलं असेल. अशा वेळी १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. “मालिका संपली म्हणून सुरू झालं” असं तिथे सांगायला लाजायचं कारण नाही.