फॉर्मलिनपासून खोड्यापर्यंत

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील. इस्पितळ आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी मुंबईत ट्रामसुद्धा घोडेच ओढत. आजारी जनावर बघायला विद्यार्थ्याला लांब जावे लागत नव्हते.

पुढे शास्त्र वाढले, विषय वाढले, आणि वर्ग व दवाखाना यांच्यात वर्षांचे अंतर पडत गेले. मी शिकत होतो तेव्हा शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन सुरुवातीला. जनावराला प्रत्यक्ष हात लावायची वेळ यायची ती पार शेवटी. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत असताना आम्ही जाळीपोट पाठ केले. मधाच्या पोळ्यासारखे अस्तर, पुढे छातीचा पडदा, पडद्यापलीकडे लगेच हृदय. परीक्षा झाली आणि विसरलो.

तीन वर्षांनी खोड्यात एक म्हैस आली. गळ्याखाली सूज, मानेची शीर दोरीसारखी टरारलेली, उतारावर पाय टाकताना कण्हायची. सरांनी औषधाचे नाव काढलेच नाही. त्यांनी विचारले, "जाळीपोटाच्या पुढं काय असतं रे?" चाऱ्यातून गिळलेली तार जाळीपोटात रुतून, पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली होती. म्हैस वाचली नाही. पण पहिल्या वर्षी पाठ केलेल्या त्या ओळीचा अर्थ मला तिच्यापाशी उभा असताना कळला, आणि तो आधी का कळला नाही याची खंत आजही आहे.

१९८४ च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषद आली, १९९३ मध्ये शिक्षणाची किमान मानके ठरली. २००८ च्या नियमांत आंतरवासिता सहा महिन्यांची होती, २०१६ च्या नियमांनी ती वर्षभराची केली आणि पदवी साडेपाच वर्षांची झाली. हे चांगलेच झाले. तरीही सगळा सराव शेवटाकडे ढकलला की मधल्या वर्षांत शिकलेले सुकून जाते, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एक सकाळ खोड्याशी उभे करा. उपचार करू नका म्हणावे. नुसता कोटीपोटावर हात ठेवून त्याची हालचाल मोजू द्या.

शास्त्र नेहमी वर्गातूनच दवाखान्यात गेले असेही नाही. जास्त दुधाची गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत बसते, मान कुशीकडे वळवून पडून राहते, कान गार लागतात. नाव दुग्धज्वर, पण ताप नसतो. १८९७ साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्याने अशा गायींच्या कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडले आणि मरू घातलेल्या गायी उठू लागल्या. कासेत विष तयार होते, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. थोड्याच वर्षांत दिसले की कासेत नुसती हवा भरली तरी गुण येतो. कासेतला दाब वाढला की दूध उतरणे थांबते आणि रक्तातले कॅल्शियम दुधावाटे जायचे राहते. रक्तात कॅल्शियमच कमी पडते, हा विचार ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडला १९२५ मध्ये. गोठ्यातला उपाय आधी सापडला, त्याचे कारण कळायला पाव शतक गेले.

मुलांना मी हे बाटली हातात घेऊनच सांगतो. कॅल्शियम शिरेतून सावकाश सोडायचे आणि स्टेथोस्कोप छातीवरून हलू द्यायचा नाही. घाई केली तर हृदयाची लय बिघडते, गाय डोळ्यांदेखत जाते. शरीरक्रियेच्या तासाला आम्ही बेडकाच्या हृदयावर कॅल्शियमचे थेंब टाकले होते. काजळीच्या कागदावर ठोक्यांची रेघ आधी उंच गेली, मग आखडून थांबली. ती रेघ आठवूनच मी नळीचा वेग कमी करतो.

अर्धी बाटली गेली की गायीच्या पुठ्ठ्यांत बारीक कापरे भरते. नाकपुडीवर घाम येतो, ढेकर येतो, शेण पडते. मग ती आधी मागचे पाय टेकवते.