सामाईक घराची विक्री आणि न्यायालयाचा मार्ग

मालवण किनाऱ्यावरील गावांतून कुलूपबंद घरे जागोजागी आढळतात. चतुर्थीच्या आठ दिवसांपुरती त्यांची दारे उघडतात. एरवी पावसाळ्यामागून पावसाळे कौलांतून गळत राहतात. घर मोडकळीस येते, परंतु विकता येत नाही, कारण ते एकट्याचे नसते. मूळ पुरुषाच्या पश्चात वारसांची संख्या वाढत गेलेली असते. कोणी मुंबईत, कोणी बेळगावात, कोणी गोव्यात. त्यांपैकी एकाने संमती दिली नाही, किंवा पत्राला नुसते उत्तर दिले नाही, तरी संपूर्ण घराचा व्यवहार अडून राहतो.

न्यायालयाकडून अशी विक्री करवून घेता येईल काय, आणि तीही वकील न देता, अशी विचारणा तलाठ्याकडे, सरपंचाकडे, कित्येकदा शाळेतील गुरुजींकडेही होते. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. तथापि पहिलीला कायद्याने ज्या अटी घातल्या आहेत, त्या न जाणता न्यायालयात जाणारा हिस्सेदार स्वतःच त्या घरातून बाहेर पडण्याचा संभव असतो.

मुळात 'विक्रीचा दावा' असा स्वतंत्र दावा नाही. दावा करावयाचा तो वाटपाचा. वाटप सोयीस्करपणे होण्याजोगे नसेल आणि विक्री सर्वांच्या अधिक हिताची असेल, तर १८९३ च्या विभाजन अधिनियमाच्या कलम २ अन्वये न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. एक माजघर, एक पडवी आणि एक विहीर यांचे नऊ भाग पाडता येत नाहीत, हे कोणासही पटेल. परंतु अशी विनंती करणाऱ्यांचा हिस्सा एकत्रितपणे निम्मा किंवा त्याहून अधिक असला पाहिजे. चार भावंडांचे समान हिस्से असतील, तर एकट्याला वाटप मागता येईल. विक्री मागण्यासाठी आणखी एकाची साथ लागेल.

याहून महत्त्वाचे आहे ते कलम ३. विक्रीची विनंती होताच उरलेल्यांपैकी कोणीही 'विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा मला मूल्यांकनाने विकत द्यावा' असा अर्ज करू शकतो. मग न्यायालय त्या हिश्शाचे मूल्य ठरविते व त्या किमतीस तो अर्जदारास देऊ करते. असे अर्जदार एकाहून अधिक असल्यास मूल्यांकनापेक्षा सर्वांत जास्त किंमत देणाऱ्यास तो मिळतो. म्हणजे ज्याने संपूर्ण घर बाजारात आणावयाचे योजिले, त्याचाच हिस्सा भावाकडे जातो. असा अर्ज आल्यानंतर दावा काढून घेऊन हा परिणाम टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये राममूर्ती अय्यर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्यांना घर राखावयाचे आहे, त्यांच्या दृष्टीने मात्र हे कलम मोठाच आधार होय.

आता वकिलाविषयी. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकारास स्वतः उपस्थित राहून आपले प्रकरण चालविता येते; वादपत्र मराठीतही लिहिता येते. खरी अडचण असते ती नावांची. प्रत्येक सहहिस्सेदार दाव्यात पक्षकार हवा. सात-बारावर दिवंगत आजोबांचेच नाव असेल, तर आधी वंशावळ जुळविणे, हयात वारसांचे पत्ते मिळविणे आणि त्या प्रत्येकावर समन्सची बजावणी करविणे भाग पडते. एक आत्या राहून गेली तरी दावा सदोष ठरू शकतो. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव असणे हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हेही पंचायत सदस्यांनी संबंधितांस सांगावयास हवे.

मुलींचे हिस्से विसरण्याची चूक अजूनही घडते. पुरुष वारस वाटप करीपर्यंत राहत्या घराचे वाटप मागण्यास स्त्री वारसांना मज्जाव करणारे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २३ हे २००५ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले आहे.

हिस्से निश्चित करणारा प्राथमिक हुकूमनामा झाला की काम संपले, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्ष वाटप वा विक्री अंतिम हुकूमनाम्यानेच होते. या दोहोंच्या मध्ये कित्येक दावे वर्षानुवर्षे पडून राहत. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर निराळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयाने पुढील कार्यवाही चालू ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

घरालगतच्या शेतजमिनीची गोष्ट वेगळी. सारा आकारणीच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. लिलावात निघालेली शेतजमीनही बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून घेता येत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नाही एवढ्याच कारणास्तव एकट्याने दावा चालविण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दावा दाखल करण्यापूर्वीही हे प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे तडजोड झाल्यास तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. मात्र त्यासाठी सर्व हिस्सेदारांची संमती लागते, आणि सारे एकाच वेळी गावात सापडतात ते चतुर्थीलाच.