अश्वहृदय आणि अक्षहृदय

महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची जी कथा आली आहे, तिच्यातील एक निर्णायक प्रसंग विदर्भाच्या वाटेवर घडतो. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचे सारथ्य करीत असतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे निघतो आणि एका दिवसात तेथे पोहोचविण्याची जबाबदारी बाहुकावर येते. रथ असा धावतो की, राजाचे उत्तरीय गळून पडल्याचे ध्यानात येईपर्यंत ते योजनभर मागे राहिलेले असते. पुढे वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. त्याची पाने आणि फळे किती, हे ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो. नल रथ थांबवून मोजदाद करतो, तो संख्या बरोबर निघते. मग दोघांत विद्यांची देवाणघेवाण ठरते. नलाने राजाला अश्वहृदय द्यावयाचे आणि राजाने नलाला अक्षहृदय. एकाला घोडे कळत होते, दुसऱ्याला फासे.

कौंडण्यपूर जवळच, अमरावती जिल्ह्यात असल्यामुळे वऱ्हाडातील वाचकाला ही कथा आपल्या मुलखाची वाटते. तिच्यातील अर्थशास्त्राकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घोड्याची पारख ही एक विद्या आणि पैजेचे गणित ही दुसरी. पहिलीत पारंगत असलेला मनुष्य दुसरीच्या अभावी राज्य घालवून बसतो, असे ही कथा सांगते. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारा शौकीन हा अशा अर्ध्या विद्येचा धनी असतो. त्याला आळशी, मूर्ख वा व्यसनी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याची बुद्धी कोठे चालते आणि कोठे अडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यात रेसकोर्स नाही. राज्यातील दोन प्रमुख रेसकोर्स म्हणजे मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे. मलकापूर स्थानकावरून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरीही हा नाद आपल्या गावांपर्यंत आला आहे. नोकरीच्या निमित्ताने मुंबई-पुण्यात आयुष्याची काही वर्षे काढलेली माणसे तो आपल्याबरोबर घेऊन आली. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कारकून आहेत. निवृत्तिवेतन, आयुर्विम्याची एक पॉलिसी, वडिलोपार्जित थोडी कोरडवाहू जमीन आणि दोन खोल्यांचे घर हा त्यांचा संसार. सकाळी दूध आणणे, नातवंडाला शाळेत पोहोचविणे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची उधारी चुकती करणे यांत ते कधी चुकत नाहीत. दुपारी मात्र त्यांची वही उघडते. कोणता घोडा कोणत्या जातकुळीचा, गेल्या शर्यतीत त्याच्या पाठीवर किती किलो वजन होते, ओल्या मैदानावर तो कसा धावतो, जॉकी कोण, ट्रेनर कोण, अशा नोंदींनी वह्या भरल्या आहेत. वर्षातून तीन-चार वेळा मुलाकडे मुंबईला गेले की ते महालक्ष्मीला जाऊन पैसे लावतात. एरवी पैज कागदावरच.

एकदा मी त्यांना विचारले, ‘‘भाऊ, इतक्या वर्षांत एकूण लावले किती आणि परत आले किती, याचे पान कोणत्या वहीत आहे?’’ ते हसून म्हणाले, ‘‘सर, घोड्यांचा हिशेब ठेवला, पैशांचा कोण ठेवतो?’’ घरातील जमाखर्चाची वही त्यांच्या पत्नीच्या हाती असते आणि तीत तेलाच्या पिशवीपासून विजेच्या बिलापर्यंत पै-पैची नोंद असते. अश्वहृदय आणि अक्षहृदय एकाच घरात, पण दोन निरनिराळ्या वह्यांत नांदते ते असे.

अश्वहृदयाला आपल्या कायद्यानेही मान्यता दिली आहे. मद्रासच्या रेस क्लबासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वंश, त्याची तयारी, जॉकीचे कसब, अंतर आणि वजन यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, ही त्यामागील भूमिका. म्हणूनच मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडते आणि रेसकोर्सवर तिकीट मिळते. हा न्याय शौकिनाला मोठा दिलासा देतो. ‘आमचा जुगार नव्हे, अभ्यास आहे,’ असे तो म्हणतो आणि ते खोटे नाही. परंतु अभ्यासाने घोडा ओळखता येतो, एवढ्यावरून अभ्यासाने नफा होतो असे सिद्ध होत नाही. त्याची कारणे शर्यतीच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण वजनाचे. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन दिले जाते. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिसे घालून ते भरून काढतात. सर्व घोड्यांची शक्यता जवळजवळ सारखी व्हावी, हा यामागील हेतू. म्हणजे शौकीन रात्र जागवून दोन घोड्यांतील जो फरक शोधतो, तो पुसून टाकण्यासाठी क्लबाने एक पगारी तज्ज्ञ नेमलेला असतो.

दुसरे कारण भावाचे. टोटच्या पद्धतीत सर्वांनी लावलेले पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबाचा वाटा आणि सरकारी देणे वजा होते व उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. ज्या घोड्यावर अधिक पैसे, त्याचा भाव कमी. आपल्या शौकिनाला जे कळले, ते मैदानावरील इतर हजारोंनाही कळलेले असते आणि ते भावात उतरलेले असते. त्यामुळे आपला अंदाज बरोबर असून भागत नाही; तो इतरांपेक्षा सरस असावा लागतो आणि कपात भरून निघेल इतका सरस असावा लागतो.

ही कपात म्हणजे अक्षहृदयाचा गाभा. सर्वांत अधिक पसंती मिळालेला फेव्हरिट घोडा सामान्यतः तीनांपैकी एका शर्यतीत जिंकतो, असा बहुतेक देशांतील अनुभव आहे. समजा, आपण तीन शर्यतींत फेव्हरिटवर शंभर-शंभर रुपये लावले, एक जिंकली आणि तिचे २४० रुपये हाती आले. अंदाज अगदी सर्वसाधारण अनुभवाप्रमाणे बरोबर ठरला. तरी तीनशेचे २४० झाले. शेकडा वीस गेले. आता एखाद्याने सकाळी हजार रुपये घेऊन सात शर्यती खेळाव्यात आणि हाती येईल ते पुन्हा लावावे. प्रत्येक फेरीत वीस टक्के गळाले, तर सरासरीने संध्याकाळी सुमारे २१० रुपये उरतात. यात कोणी लबाडी केली नाही, कोणताही जॉकी फितूर झाला नाही. भागाकाराने आपले काम केले, इतकेच.

आणि हे वीस टक्क्यांचे उदाहरण सौम्यच म्हटले पाहिजे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा शर्यतीवरील पैज २८ टक्क्यांच्या टप्प्यात टाकण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला आहे, आणि तो पैजेच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर मोजला जातो. त्यावर प्राप्तिकराचा नियम असा की, जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या मालकाला आपला तोटा पुढील वर्षांच्या तशाच उत्पन्नातून वळता करण्याची मुभा कायद्याने दिली. तिकीट घेणाऱ्या कारकुनाला ती नाही. घोडा कोणताही येवो, सरकार प्रत्येक शर्यतीत जिंकते.

मग पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरातील मनुष्य असा सौदा का करतो? विमा उतरविणारा मनुष्यच सोडतीचे तिकीट का घेतो, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि संख्याशास्त्रज्ञ एल. जे. सॅव्हेज यांनी १९४८ साली विचारला होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, आपल्या सांपत्तिक थरातून एका उडीत वरच्या थरात जाण्याची संधी मनुष्याला तिच्या गणिती मूल्यापेक्षा अधिक मोलाची वाटते. ठराविक पगारावर जगणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वार्षिक वेतनवाढीचा जिना कोठे संपतो, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठाऊक असते. विमा हप्त्याने त्याने खाली पडण्याचे भय विकलेले असते आणि तिकिटाने वर जाण्याचे स्वप्न विकत घेतलेले असते. शिवाय त्याच्या मनात पैशांच्या जाती असतात. पगार हा घराचा. महागाई भत्त्याची थकबाकी मात्र ‘वरची’. पगारातील दहा रुपये खर्चताना घासाघीस करणारा मनुष्य थकबाकीतील पाचशे निःशंकपणे घोड्यावर लावतो. दोन्ही नोटांनी सारखेच तेल मिळते, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात राहत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शर्यतींचा अभ्यास करून आणखी एक गोष्ट दाखविली. १९४९ साली ग्रिफिथ यांना आढळले की, लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या योग्यतेहून अधिक पैसे लावतात. १९५६ साली मॅक्ग्लॉथलिन यांना दिसले की, दिवसाच्या अखेरच्या शर्यतीत ही प्रवृत्ती बळावते. दिवसभराचे नुकसान एका फटक्यात भरून काढावयाचे, तर मोठा भाव देणारा दुबळा घोडाच हवा. वहीतील सारा अभ्यास शेवटच्या शर्यतीपूर्वी बाजूला पडतो.

आपल्या जिल्ह्याला अंदाज बांधण्याचे अप्रूप नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश केला आहे. बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो वाचून दाखविला, तर तो खिन्नपणे हसेल. मृगाच्या भरवशावर कपाशीचे आणि सोयाबीनचे बियाणे मातीत टाकणे ही त्याची दरवर्षीची पैज. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात, ते यामुळेच. मटक्याचा उगमही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांत आहे. ज्या कापसाने खामगावची बाजारपेठ उभी केली, त्याच कापसाच्या आकड्यांनी शहरातील गिरणी कामगाराचा खिसा रिकामा केला.

तरीही शेतकऱ्याची पैज आणि शौकिनाची पैज एका मापाने मोजता येणार नाही. पावसाची अनिश्चितता शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही. ती कोणीतरी सोसल्यावाचून समाजाला धान्य मिळत नाही. शर्यतीतील अनिश्चितता मुद्दाम, शिसे मोजून, निर्माण केलेली असते. शेतकऱ्याला एखादा हंगाम खेळायचे नाही, असे म्हणता येत नाही. शौकिनाला मात्र कोणत्याही शर्यतीत, कोणत्याही क्षणी, पैसे न लावण्याचा पूर्ण अधिकार आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला न आलेले हे स्वातंत्र्य शौकीन सर्वांत कमी वापरतो.

हा प्रश्न आता निवृत्त कारकुनांपुरता उरलेला नाही. रेसकोर्सचे पाचशे किलोमीटर हे एकेकाळी एक प्रकारचे कुंपण होते. गाडीभाडे आणि रजेचा अर्ज यांनी कितीतरी पैजा आपोआप टळत. विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलने ते कुंपण मोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब, हा जुना भेद ठेवला नाही. कायदा आवश्यक आहे. परंतु बंदी दाराशी उभी राहते, आणि मोह तर मनात शिरलेला असतो. तेथे उपदेशही फार काळ टिकत नाही. कारण उपदेश करणाऱ्यापेक्षा आपल्याला घोडा, संघ वा पत्ता अधिक कळतो, अशी तरुणाची खात्री असते आणि पुष्कळदा ती खरीही असते. त्याला कळत नसतो तो तीनशेचे २४० होण्याचा हिशेब. हा हिशेब शिकविण्यास फलकावरची चार ओळींची जागा पुरते. संभाव्यतेचा धडा रंगीत चेंडूंच्या पिशवीवर शिकविण्याऐवजी शर्यतीच्या एका तिकिटावर शिकविला, तर शिक्षकाला विद्यार्थ्यांचे लक्ष वेधून घ्यावे लागणार नाही. आणि प्रत्येक शौकिनाने आपल्या वहीत एकच पान वाढवावे: आजवर किती लावले, किती परत आले.

अक्षहृदय मिळाल्यावर नलाने काय केले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो पुष्कराकडे परतला, एकाच पणात राज्य परत मिळविले, हरलेल्या भावाला क्षमा केली आणि राज्यकारभाराला लागला. त्याच्या पटावर क्लबाचा वाटा नव्हता आणि सरकारचा करही नव्हता. तरीही गणित कळल्यावर तो दुसरा डाव खेळला नाही.