देवाची प्रीती (ख्रिस्ती धर्म)

देवाची प्रीती ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना आहे. देव सर्व मानवांवर प्रेम करतो आणि हे प्रेम मानवजातीवरील सर्वसाधारण कृपादृष्टीपुरते मर्यादित नसून प्रत्येक व्यक्तीला नावानिशी ओळखणारे आहे, असा या संकल्पनेचा आशय आहे. नव्या करारातील योहानाचे पहिले पत्र (४:८ व ४:१६) प्रीती हे देवाचे स्वरूपच मानते. ही प्रीती एकाच वेळी ‘सर्वांवर’ आणि ‘प्रत्येकावर’ कशी असू शकते, तसेच ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती नेमकी किती, या प्रश्नांवर ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ विचारमंथन झाले आहे.

संज्ञा

जुन्या कराराच्या हिब्रू मूळ पाठात या आशयासाठी मुख्यत्वे तीन शब्द येतात. ‘आहवा’ हा प्रेमासाठीचा सामान्य शब्द आहे. ‘हेसेद’ या शब्दात करारनिष्ठा, दया आणि न ढळणारे वात्सल्य या छटा एकवटल्या आहेत. १३६ व्या स्तोत्राच्या सर्व २६ ओळींत तो पालुपदाप्रमाणे येतो. ‘रहामीम’ म्हणजे कळवळा. या शब्दाचे मूळ गर्भाशय या अर्थाच्या ‘रेहेम’ या शब्दाशी जोडलेले आहे.

नव्या कराराच्या ग्रीक पाठात ‘अगापे’ हा शब्द प्रामुख्याने आढळतो. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अगापे म्हणजे निरपेक्ष दैवी प्रेम आणि ‘इरोस’ म्हणजे अभिलाषायुक्त मानवी प्रेम, असा ठळक भेद केला. पुढील अभ्यासकांनी या भेदाला मर्यादा असल्याचे दाखवून दिले. जुन्या कराराच्या सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात अगापे व तिची क्रियापदे वासनेसाठीही वापरलेली आहेत. तर योहानाच्या शुभवर्तमानात (५:२०) पित्याचे पुत्रावरील प्रेम सांगताना मैत्रीवाचक ‘फिलेओ’ हे क्रियापद योजलेले आहे. त्यामुळे संकल्पनेचा अर्थ केवळ शब्दावरून नव्हे, तर संदर्भावरून ठरवावा लागतो.

जुना करार

जुन्या करारात देवाचे प्रेम प्रथमतः इस्राएल या एका राष्ट्राशी केलेल्या करारातून व्यक्त होते. ही निवड संख्याबळामुळे झालेली नसून केवळ प्रेमामुळे झाली, असे अनुवाद या पुस्तकात (७:७-८) स्पष्ट केले आहे. त्याच पुस्तकात (१०:१८) देव परक्यावरही प्रीती करतो आणि त्याला अन्नवस्त्र पुरवतो, असा उल्लेख आहे.

संदेष्ट्यांच्या लेखनात हे नाते अधिक जिव्हाळ्याचे होते. होशेय (अध्याय ११) देवाला मुलाला चालायला शिकवणाऱ्या पित्याच्या रूपात पाहतो. मूल पाठ फिरवते, तरी पित्याला त्याचा त्याग करवत नाही. यशया (४९:१५-१६) आईची उपमा देतो आणि एखादी आई तान्ह्या लेकराला विसरली, तरी देव विसरणार नाही, असे सांगतो. १३९ व्या स्तोत्रातील भक्ताच्या दृष्टीने देव त्याला आईच्या उदरात घडत असल्यापासून ओळखतो.

राष्ट्राच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रेमाचे प्रभावी चित्रण योनाच्या पुस्तकात आहे. शत्रुराष्ट्राची राजधानी निनवे हिला देवाने क्षमा केल्यामुळे योना संतापतो. त्या नगरातील १,२०,००० हून अधिक अजाण माणसांची आणि गुराढोरांची आपण पर्वा करू नये काय, असा प्रश्न देव त्याला विचारतो. योनाचे उत्तर दिलेले नाही. पुस्तक त्या प्रश्नापाशीच संपते.

नवा करार

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या प्रीतीचे पूर्ण प्रकटीकरण येशू ख्रिस्ताच्या जीवनात व मृत्यूत झाले. योहान ३:१६ या वचनात तिचा विषय ‘जग’ हा आहे, तर पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (२:२०) हीच गोष्ट प्रथमपुरुषी एकवचनात मांडतो: ख्रिस्ताने आपल्यावर प्रीती केली व आपल्यासाठी स्वतःला अर्पण केले, असे तो म्हणतो. रोमकरांस पत्रानुसार (५:८) ही प्रीती मनुष्याच्या पात्रतेवर अवलंबून नाही. माणसे पापी असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मरण पावला.

लूकच्या १५ व्या अध्यायातील तीन दृष्टान्त या विषयाचे सर्वाधिक परिचित विवेचन होय. जकातदार व पापी मानल्या गेलेल्या लोकांबरोबर येशू जेवतो, अशी कुरकुर परूशी व शास्त्री करतात; त्या कुरकुरीला हे उत्तर आहे. पहिल्या दृष्टान्तात १०० मेंढरांतील एक, दुसऱ्यात १० नाण्यांतील एक आणि तिसऱ्यात दोन मुलांतील एक हरवतो. संख्या घटत जाते, तसे हरवलेल्याचे मोल अधिक ठळक होते. तिसऱ्या दृष्टान्तातील पिता परतणाऱ्या धाकट्या मुलाकडे धावत जातो. रुसून बाहेर राहिलेल्या थोरल्याचीही मनधरणी करण्यासाठी तो घराबाहेर येतो. थोरला मुलगा अखेर आत गेला किंवा नाही, हे कथेत सांगितलेले नाही. कुरकुर करणाऱ्या श्रोत्यांनाच आपले उत्तर ठरवायचे आहे, असा त्याचा अर्थ अनेक भाष्यकार लावतात.

प्रत्येकाच्या वैयक्तिक मोलाचा विचार इतरत्रही येतो. मत्तयमध्ये (१०:२९) एका नाण्याला दोन चिमण्या, तर लूकमध्ये (१२:६) दोन नाण्यांना पाच चिमण्या विकल्या जातात. म्हणजे पाचवी जवळजवळ फुकटच. तरी देवाला तिचाही विसर पडत नाही. येशू जक्कय या जकातदाराला त्याच्या नावाने हाक मारतो आणि तिरस्कृत समाजातील शोमरोनी स्त्रीशी संवाद साधतो. पुनरुत्थानानंतर मरीया मग्दालीया त्याला ओळखते, ती त्याने तिचे नाव उच्चारल्यावरच (योहान २०:१६).

व्याप्तीविषयी मतभेद

देवाची इच्छा सर्वांचे तारण व्हावे अशी आहे, असे तीमथ्यास पहिले पत्र (२:४) सांगते. याउलट याकोबावर प्रीती आणि एसावाचा द्वेष, असे मलाखीतील शब्द पौल रोमकरांस पत्रात (९:१३) उद्धृत करतो. मत्तयच्या २५ व्या अध्यायात अंतिम न्यायाचे व शिक्षेचे वर्णन आहे. या वचनांचा मेळ घालताना भिन्न मते निर्माण झाली.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात देव प्रत्येकाची काळजी तो एकटाच असल्याप्रमाणे आणि सर्वांची काळजी प्रत्येकाप्रमाणे घेतो, असा विचार मांडला. मात्र तीमथ्यास पत्रातील ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारचे लोक, असा अर्थही त्यांनी एका उत्तरकालीन ग्रंथात सुचवला. नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने आर्मिनियसच्या अनुयायांचे मत नाकारले. ख्रिस्ताचे बलिदान सर्वांसाठी पुरेसे असले, तरी ते केवळ निवडलेल्यांसाठी फलदायी ठरते, अशी भूमिका तिने घेतली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी १७३९ च्या ‘मुक्त कृपा’ या प्रवचनात या मताला विरोध केला. अशा मतामुळे देव प्रेमस्वरूप उरत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. रोमन कॅथलिक शिकवणीनुसार ख्रिस्त अपवादाविना सर्व मानवांसाठी मरण पावला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या पहिल्या विश्वपत्राचा (२००५) विषय देवाची प्रीती हाच निवडला आणि अगापे व इरोस यांना पूर्णतः विलग करता येत नाही, असे प्रतिपादन केले.

नैतिक परिणाम

नव्या करारात ही संकल्पना आचरणाशी जोडलेली आहे. देव दुष्टांवर व सज्जनांवर सारखाच सूर्य उगवतो, म्हणून शत्रूवरही प्रेम करावे, अशी शिकवण डोंगरावरील प्रवचनात आहे (मत्तय ५:४४-४५). डोळ्यांना दिसणाऱ्या बंधूवर जो प्रेम करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येणार नाही, असे योहानाचे पहिले पत्र (४:२०) म्हणते.

मराठी परंपरेत

इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बायबलमधील कथा ओवीछंदात सांगितल्या आहेत. मराठी बायबलमध्ये अगापे या शब्दासाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपल्या अभंगांत ख्रिस्ताला आईच्या रूपात पाहिले. वारकरी संतांनी विठ्ठलाला ‘माउली’ म्हटले होते. यशयाच्या पुस्तकातील मातेची उपमा अशा रीतीने मराठी वाचकांच्या ओळखीच्या भक्तिभाषेत अवतरली.