लिंबवर्गीय झाडांचे छाट कलम आणि ‘संजीवक’ ही संज्ञा

‘कलम’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ बोरू. मराठीत मात्र फांदी छाटून मातीत खोवली तरी ते कलम, आणि परक्या खुंटावर डोळा भरला तरी तेही कलमच. वस्तुतः पहिल्या प्रकारात रोप स्वतःच्या मुळांवर वाढते, तर दुसऱ्यात मुळे खुंटाची असतात. भोरचा पश्चिम भाग व वेल्हे अशा अतिपर्जन्याच्या डोंगरी मुलखात हा भेद कोशकारापेक्षाही बागाइतदाराच्या अधिक हिताचा आहे.

कळ्यांत व कोवळ्या पानांत निर्माण होणारे ऑक्झिन खोडातून खाली उतरते आणि छाटीच्या बुडाशी साचून तेथील पेशींना मुळे निर्मिण्याची चालना देते. हेच कार्य इंडोल ब्युटिरिक आम्ल करते, असे झिमरमन व विल्कॉक्सन यांनी १९३५ साली अमेरिकेत दाखवून दिले. हे आम्ल पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणून ते प्रथम अल्कोहोलात विरघळवावे लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धपक्व, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची छाट घेऊन शेंड्याकडील दोन-तीन पाने राखावी. तिचे बूड लीटरला सुमारे १००० मिलिग्रॅम आम्ल असलेल्या द्रावणात काही सेकंद बुडवून ओलसर वाळूत, सावलीत लावावे. पावसाळ्यातील दमट हवा पानांस पोषक असते; मात्र वाफ्यात पाणी साचल्यास बूड कुजते. महाळुंगाची छाट सहज मुळे धरते. संत्र्या-मोसंबीची तितकी सहज नाही.

ह्या द्रव्यांना कृषिसाहित्यात ‘संजीवक’ म्हणतात. संजीवनीची आठवण करून देणारी ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. वाळलेल्या फांदीस हे द्रव्य जिवंत करीत नाही आणि मात्रा वाढविल्यास उलट अपाय होतो. त्या मानाने ‘संप्रेरक’ ही संज्ञा अधिक यथार्थ होय. कारण येथे कार्य प्रेरणेचे आहे, जीवदानाचे नव्हे.

मुळे फुटली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. ट्रिस्टेझा व ग्रीनिंग हे रोग मातृवृक्षात असल्यास ते छाटीबरोबर नव्या रोपात उतरतात. शिवाय खुंटाची रोगसहिष्णुता अशा रोपास लाभत नाही. त्यामुळे निचरा नसलेल्या जमिनीत डिंक्याचे भय राहते. कागदी लिंबाच्या बीतून बहुधा मातृवृक्षासारखीच रोपे निघत असल्याने तेथे बियांचा मार्गही खुला आहे. यास्तव रोपवाटिकेत केवळ ‘कलम आहे काय?’ असे न विचारता ‘मुळे कोणाची आणि मातृवृक्ष निरोगी होता काय?’ असे विचारणे इष्ट होय.