कॉर्व्हेटचे डोळे उघडत का नाहीत?

मोटारीचे हेडलाइट लागले नाहीत, तर आपण प्रथम बल्ब पाहतो, मग फ्यूज तपासतो आणि तरीही प्रकाश पडला नाही तर गॅरेज गाठतो. जुन्या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या गाडीची १९६८ ते १९८२ या काळातील तिसरी पिढी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या गाडीचे दिवे दिवसा पुढच्या भागात दडलेले असतात आणि रात्री वर येतात. त्यांना वर आणण्याचे काम वीज करीत नाही. ते इंजिनातून मिळणारा निर्वात दाब, म्हणजेच व्हॅक्यूम करतो. त्यामुळे दिवा उघडणे आणि दिवा पेटणे या येथे दोन स्वतंत्र क्रिया आहेत. बिघाड कोणत्या क्रियेत आहे हे न ठरवता सुटे भाग बदलत गेल्यास पैसे तर जातातच, शिवाय शाबूत असलेले मूळ भागही भंगारात जातात.

दिवे लपविण्याचे कारण

अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक आणि तंतू एकत्र बंदिस्त केलेला ‘सील्ड बीम’ हाच प्रमाणित हेडलाइट होता. ठरावीक आकाराचे गोल दिवे आणि नंतरच्या काळात चौकोनी दिवे एवढीच मुभा होती. सुटा बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना परवानगी मिळाली ती १९८३ मध्ये. शिवाय दिवा जमिनीपासून किमान उंचीवर असण्याचे बंधन होते. जमिनीलगत झुकलेल्या, अणकुचीदार नाकाच्या गाडीला हे दोन्ही नियम पाळणे अवघड. उपाय एकच, दिवा हवा तेव्हा वर यावा आणि नको तेव्हा लपावा. १९६३ ते १९६७ या दुसऱ्या पिढीत हे काम विजेच्या मोटरी करीत. तिसऱ्या पिढीत व्हॅक्यूम आला, १९८४ च्या मॉडेलपासून पुन्हा मोटरी आल्या आणि २००५ च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटने लपणाऱ्या दिव्यांचा निरोप घेतला.

यंत्रणा कशी चालते?

पेट्रोल इंजिन जागेवर मंद चालत असते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. पिस्टन हवा ओढू पाहतात, पण हवा पुरेशी मिळत नाही. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब निर्माण होतो. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीला हा व्हॅक्यूम साधारण १७ ते २१ इंच पारा इतका भरतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळजवळ नाहीसा होतो. दिव्यांनी अशा वेळीही काम करावे म्हणून व्हॅक्यूम साठविणारी एक टाकी आणि तो परत जाऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह बसविलेला असतो.

टाकीतून रबरी नळ्या रिले व्हॉल्व्हकडे जातात. चालकाने दिव्यांचे बटण ओढले की त्याच्या मागील छोटी झडप रिलेला इशारा देते. रिले प्रत्येक दिव्यामागील पत्र्याच्या डब्याच्या एका कप्प्यात व्हॅक्यूम सोडतो आणि दुसऱ्या कप्प्यात बाहेरची हवा. मधला रबरी पडदा सरकतो, त्याला जोडलेला दांडा हलतो आणि दिवा वर येतो. बटण आत ढकलल्यास हाच क्रम उलटा होतो.

तपासणीचा क्रम

तपासणीपूर्वी एक इशारा. हे दिवे झटक्याने मिटतात, त्यामुळे इंजिन चालू असताना त्यांच्या फटीत हात घालू नये.

पहिली परीक्षा सर्वांत सोपी. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक लहान बटण असते. दिवे न पेटवता केवळ उघडण्यासाठी, उदाहरणार्थ काच पुसण्यासाठी, ते दिलेले आहे. या बटणाने दिवे उघडत असतील आणि मुख्य बटणाने उघडत नसतील, तर टाकी, रिले आणि डबे ठीक आहेत. दोष मुख्य बटणामागील झडपेत किंवा तिच्या नळीत आहे.

दुसरा प्रश्न : एकच दिवा अडतो की दोन्ही? दोन्ही अडत असतील तर दोष सामाईक भागात, म्हणजे मुख्य नळी, एकमार्गी व्हॉल्व्ह, टाकी किंवा रिले यांत शोधावा. एकच अडत असेल तर त्या बाजूचा डबा, त्याच्या नळ्या किंवा गंजलेले बिजागर पाहावे. दोन्ही बाजू क्षणभर मागेपुढे उघडणे हा मात्र दोष नव्हे.

तिसरी परीक्षा साठ्याची. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबून दिवे उघडून पाहावेत. ते उघडले तर साठा टिकतो आहे. इंजिन चालू असताना उघडणारे दिवे आता हललेच नाहीत, तर कोठेतरी गळती आहे किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी झाला आहे.

गळतीचे नेमके ठिकाण हाताने चालविण्याच्या व्हॅक्यूम पंपाने सापडते. डब्याच्या एकेका तोंडाला पंप लावून सुमारे १५ इंच व्हॅक्यूम द्यावा आणि मिनिटभर काटा पाहावा. दांडा ज्या बाजूने बाहेर येतो तेवढाच कप्पा गळत असेल, तर दांड्याभोवतीचे रबरी सील झिजलेले असते. दोन्ही कप्पे गळत असतील, तर मधला पडदा फाटल्याची शक्यता अधिक. इतक्या वर्षांनी कडक होऊन तडकलेल्या नळ्या मात्र एक-एक न बदलता संपूर्ण संच बदलावा.

या गळतीचा आणखी एक परिणाम लक्षात येत नाही. फुटक्या नळीतून शिरलेली जादा हवा थेट इंजिनात जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन मंद गतीवर अडखळू लागते. मालक कार्बुरेटर उघडून बसतो आणि दोष निघतो हेडलाइटच्या नळीत!

दिवा उघडतो, पण उजेड नाही

येथून पुढचा प्रश्न विजेचा. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पोलादी बॉडी हीच विजेच्या परतीची वाट असे. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आहे आणि फायबरग्लास वीजवाहक नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर पोलादी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. या जोडांवर गंज चढला की दिवे मिणमिणतात, कधी अप्पर लावताना भलताच दिवा अंधूक पेटतो. बल्बवर संशय घेण्याआधी हे जोड सोडवून, घासून पुन्हा घट्ट करावेत.

इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवरचा आणि नंतर पेटलेल्या दिव्याच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजावा. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच अधिक असेल, तर वाटेत अडथळा आहे. हा फरक क्षुल्लक वाटला तरी तसा नसतो. तंतूच्या दिव्याला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. रात्री रस्त्यावरचा माणूस तेवढा उशिरा दिसतो.

दिवे काही वेळ पेटून आपोआप विझत आणि पुन्हा पेटत असतील, तर बटणातील सर्किट ब्रेकर तापून उघडतो आहे असे समजावे. बटण झिजलेले असेल किंवा वायरिंगमध्ये प्रमाणाबाहेर प्रवाह वाहत असेल. अशा वेळी अधिक शक्तीचे दिवे बसविणे वा ब्रेकर टाळून थेट वायर जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. दिव्यांजवळ विद्युत रिले बसवून त्यांना बॅटरीतून फ्यूजमार्गे स्वतंत्र पुरवठा देणे, हा सुरक्षित उपाय होय. मग जुन्या बटणावर केवळ इशाऱ्याचा भार राहतो.

वाटेत व्हॅक्यूम गेलाच, तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून दिवे हाताने पूर्ण वर उचलता येतात. तेवढ्या आधारावर घर गाठावे. दुरुस्ती होईपर्यंत मात्र अशी गाडी रात्री रस्त्यावर आणू नये. आधी उघडणे तपासावे, मग पेटणे. आधी सामाईक भाग, मग एकेक बाजू. हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा दोष महागड्या भागात नसून एखाद्या तडकलेल्या नळीत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये सापडतो.