पहिल्या पुस्तकाच्या पुढे

विक्काच्या, म्हणजे आधुनिक चेटूक-पंथाच्या, वाटेवर पहिलं पुस्तक सहज मिळतं, दुसरं मिळत नाही. या शतकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत राहणाऱ्या आम्हा काही जणींना ही अडचण पहिल्यांदा जाणवली. मेणबत्त्यांचे रंग, पौर्णिमेचा विधी, चार दिशांना आवाहन, आठ सणांची नावं, सगळं पाठ झालं होतं. पुढे काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. आज एवढ्या वर्षांनी मागे पाहताना वाटतं, ती अडचण आमच्या शहराची नव्हतीच. ती या पंथाच्या घडणीतच आहे.

ब्रिटनमध्ये 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला. तीन वर्षांनी, 1954 मध्ये, जेराल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस विक्काचा प्रवर्तक. त्यांच्या पंथात तीन पायऱ्यांची दीक्षा होती. दीक्षा मिळण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस थांबायचा रिवाज रुजला. विधींची वही, ‘बुक ऑफ शॅडोज’, शिष्यानं स्वतःच्या हातानं उतरवून घ्यायची. म्हणजे पुढची पायरी पुस्तकात नव्हतीच, ती समोर बसलेल्या माणसाकडे होती.

या काळातली मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती म्हणजे डोरीन व्हॅलिएन्टे. 1953 मध्ये त्यांना गार्डनर यांच्याकडून दीक्षा मिळाली. वही वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला प्राचीन म्हणतात त्यातला बराच मजकूर इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्रॉली यांच्या लेखनातून उचललेला आहे. त्यांनी ते गुरूला तोंडावर सांगितलं. गार्डनर यांनी उत्तर दिलं ते असं, की तुला जमत असेल तर तूच चांगलं लिही. त्यांनी लिहिलं, आणि आज जगभर जे विधी-पाठ म्हटले जातात त्यांतले बरेचसे त्यांच्या लेखणीतले आहेत. पुढे 1957 च्या सुमारास गार्डनर यांच्या प्रसिद्धीच्या हौशीवरून वाद झाला आणि त्या वेगळ्या झाल्या. गुरूची वही नीट वाचणं, तिच्यातलं उसनं ओळखणं, ते स्पष्ट बोलणं आणि मग स्वतः बसून त्याहून बरं लिहिणं. नवखेपण संपणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मग 1988 मध्ये अमेरिकेत स्कॉट कनिंगहॅम यांचं एकट्यानं साधना करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. कव्हन, म्हणजे साधकांचा गट, नको, गुरू नको, घरच्या घरी स्वतःच संकल्प करा. त्या पुस्तकानं दारं उघडली, आणि आमच्यासारख्यांना आत येता आलं ते त्याच दारातून. गुरूच्या नावाखाली होणारी पिळवणूकही त्यानं अनेकांच्या वाट्याला येऊ दिली नाही. पण दीक्षेबरोबर पुढची पायरीही गेली. त्यानंतर आलेली बहुतेक पुस्तकं पुन्हा पहिलीच होती. तीच अवजारांची यादी, तेच आठ सण, तेच दिशांचे रंग. दर वर्षी नवे नवखे येतात, म्हणून प्रकाशकालाही पहिलंच पुस्तक परवडतं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचलं. 1996 चा ‘द क्राफ्ट’ हा सिनेमा पुढे केबलवर दिसला. मग सायबर कॅफेतल्या छापील पानांचे गठ्ठे, मग टॅरोचे पत्ते, मग स्फटिक, आता मोबाइलवरच्या रील. यादीतलं सामान जमवणं तर गुलमंडीत इंग्लंडहून सोपं. सुपारी हनुमानापासून चालत जाण्याच्या अंतरात लोबान, कापूर, धूप, तांब्याचा गडवा, ताम्हन, समई, सगळं मिळतं. ज्या वस्तू तिकडे खास दुकानांतून मागवाव्या लागतात, त्या इथे आजीच्या देवघरात असतात. त्यामुळे पहिला टप्पा इथे भराभर संपतो. त्याच्या पुढे माणसं थबकतात, आणि बरीचशी सोडूनही देतात. सोडणाऱ्यांना मी कधीच कमी लेखलं नाही. कारण त्यांना पुढचं दाखवायला खरोखरच कुणी नव्हतं.

मला पुढचं दिसलं ते इंग्रजी पुस्तकात नाही, देवगिरीच्या वाटेवर. गुलमंडीपासून तासाभराच्या आत किल्ला येतो. तिथे जनार्दनस्वामींकडे पैठणचे एकनाथ कोवळ्या वयात शिकायला आले. परंपरा सांगते, की त्यांना आधी मंत्र मिळाला नाही, हिशेबाचं काम मिळालं. एका पैची चूक शोधायला ते रात्रभर बसले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. तेव्हा गुरूंनी ओळखलं, की आता हे लक्ष दुसरीकडे वळवता येईल. मग खुलताबादेजवळच्या शूलिभंजनाच्या डोंगरावर एकांतातलं अनुष्ठान, मग तीर्थयात्रा, मग परत पैठणला येऊन संसार. हा क्रम मी पुन्हा पुन्हा मनात घोळवला आहे. आधी लक्ष टिकवण्याचं काम, मग एकटेपणा, मग भटकंती, मग घर. या चारही टप्प्यांत नवं सामान कुठेच येत नाही.

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, ती शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण झाली. त्या स्कंधाचा पंधरावा अध्याय सिद्धींचा आहे. एकेक सिद्धी कशी मिळते ते सविस्तर सांगून झाल्यावर तो अध्याय त्या सगळ्यांना वाटेतला अडथळा ठरवतो. ‘माझा मंत्र लागू पडला का’ या प्रश्नात अडकलेल्या प्रत्येक मुलीला मी हा अध्याय वाचायला सांगते. नवनाथ भक्तिसारातही तेच आहे. मच्छिंद्रनाथांच्या झोळीतली सोन्याची वीट गोरखनाथ फेकून देतो, गुरूची वीट, गुरूला न विचारता. मच्छिंद्राकडून मिळालेली विद्या त्याच्याकडे भरपूर आहे, तरी त्याचं शिष्यपण सिद्ध होतं ते या फेकण्यात.

एकनाथांच्या भारुडांचंही आम्हाला फार मोल आहे. भुत्या, गारुडी, जोशी, गोंधळी यांची सोंगं त्यांनी घेतली. ज्यांच्याकडे लोक भीतीनं जात, त्यांच्याच तोंडून निर्भयतेचं बोलणं त्यांनी वदवलं. चारशे वर्षांपूर्वी, आमच्याच जिल्ह्यात.

पण सगळ्यांत मोठा बदल आणला तो ऋतूंनी. विक्काचं वर्षचक्र, म्हणजे वर्षातले आठ सण, 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये एकत्र बांधलं गेलं. तिथल्या हवेसाठी ते अगदी चपखल आहे. 1 मे रोजी बेल्टेन, वसंताच्या भराचा सण. मराठवाड्यात 1 मे म्हणजे आटलेल्या विहिरी आणि दुपारी ओस पडलेला बाजार. ऑक्टोबरच्या शेवटी साउइन, वर्षाचं मरण. आपल्याकडे त्या सुमारास सोयाबीन घरात आलेलं असतं आणि रब्बीची ज्वारी पेरली जात असते. तिथलं पंचांग इथे उच्चारत राहिलं, की शब्द आणि माती यांची गाठ पडत नाही. सुरुवातीची वर्षं तरीही भागतं, कारण तेव्हा शब्दांचीच नवलाई असते. नंतर भागत नाही.

आम्ही हळूहळू इथलं वर्ष लिहायला घेतलं. पळस कधी फुलतो, पहिल्या पावसाआधी वारा कुठून येतो, हुरडा कोणत्या आठवड्यात उतरतो, हे वहीत नोंदवत गेलो. आणि लक्षात आलं, की जो पुढचा टप्पा आम्ही पुस्तकांत शोधत होतो, तो इथल्या बायकांच्या हातात कधीचाच आहे. श्रावण अमावस्येला, पोळ्याच्याच दिवशी, पिठोरी असते. भिंतीवर चौसष्ट योगिनींचा कागद लावून घरातली आई त्यांची पूजा करते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या. शेतात कडब्याची खोप, तिच्यात पाच पांडव, भज्जी आणि आंबिलाचा नैवेद्य, आणि रानभर आंबिल शिंपडत फिरणं. तळ्या-विहिरींच्या काठी शेंदूर लावलेले साती आसरांचे सात दगड.

सर्वपित्री अमावस्या आणि घटस्थापना यांचा जोड मला सर्वांत खोल वाटतो. पंधरा दिवस मेलेल्यांची आठवण आणि दुसऱ्याच सकाळी पत्रावळीवर शेतातली माती घेऊन तिच्यात धान्य पेरायचं. नऊ दिवसांत कोंब वर येतात, दसऱ्याला ते डोक्यात खोवायचे. साउइनच्या विधीत मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यावर जे पुष्कळ बोललं जातं, ते इथे न बोलता दोन लागोपाठच्या दिवसांत ठेवलेलं आहे. नवरात्रातल्या कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला निघालेल्या गर्दीतून चालताना मला दर वर्षी हेच आठवतं.

इथे एक सावधपणा मात्र हवा, आणि तो मी आग्रहानं सांगते. तुळजाभवानी ही ‘देवीशक्तीचं एक रूप’ म्हणून कुणाच्याही टेबलावर मांडायची वस्तू नाही. माळ-परडी घेतलेली आराधीण ती जबाबदारी आयुष्यभर वागवते. तिची परडी फोटोसाठी उसनी घेणं मला मान्य नाही. रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ 1978 मध्ये आलं. मातृदेवतेच्या उपासनेविषयी काही म्हणण्याआधी ते वाचलेलं असावं. आणि आमच्या शहराच्या विद्यापीठात ज्यांनी शिकवलं ते डॉ. प्रभाकर मांडे, ज्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं ‘गावगाड्याबाहेर’ वाचावं. देवाच्या नावानं फिरणाऱ्या माणसांची भूक आणि अब्रू त्यांनी समोर ठेवली, तिच्याकडे डोळेझाक करून कुणाला पुढचा टप्पा गाठता येणार नाही.

प्राचीनतेचा मोहही याच टप्प्यावर सुटायला हवा. मार्गारेट मरे यांनी 1921 मध्ये मांडलं, की युरोपात चेटकिणींचा एक जुना धर्म अखंड टिकून होता. गार्डनर यांनी तेच धरलं. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं, की विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे. अनेकांना ते पुस्तक घाव घातल्यासारखं वाटलं. मला त्यानं मोकळं केलं. जे सत्तर वर्षांपूर्वी माणसांनी जुळवलं, ते आम्हालाही आमच्या मातीत नव्यानं जुळवता येतं. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई लंडनच्या जादू-साधकांत राहिल्या आणि 1989 मध्ये त्यांनी लिहिलं, की शहाणीसुरती, शिकलेली माणसंही साधना करता करता घटनांचा अर्थ लावण्याची आपली रीत नकळत बदलत जातात. म्हणून नोंदवहीत जे घडलं नाही तेही लिहायचं, आम्ही तो नियमच केला.

आणि हे सगळं महाराष्ट्रात चाललं आहे, हे क्षणभरही विसरता येत नाही. आमच्यातली एखादी स्वतःला हौसेनं चेटकीण म्हणवते, त्याच राज्यात नंदुरबारच्या डोंगरात एखाद्या विधवेला डाकीण ठरवून मारहाण होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. माझ्या मते तो कायदा आमच्या विरोधात नाही, आमच्या बाजूचा आहे. अंगात शक्ती असल्याचं सांगून कुणाला फसवायचं नाही, कुणावर करणीचा आळ घ्यायचा नाही, उपचार थांबवायला लावायचे नाहीत. जिला हे बंधन जाचक वाटतं, तिनं ही वाट धरू नये. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी 1980 च्या दशकात स्वतःला उघडपणे विक्कन म्हटलं, आणि त्याबरोबरच चेटकीण ठरवलेल्या खेड्यांतल्या बायकांची बाजू घेतली. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. पण स्वतःसाठी घेतलेलं नाव त्यांनी दुसरीच्या अंगावर पडणाऱ्या दगडांपासून वेगळं ठेवलं नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

आता आमच्या वह्या एकमेकींकडे फिरतात. त्यांतून मराठीत एखादं दुसरं पुस्तक तयार व्हावं असं मनात आहे, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मराठवाड्याच्या हवेप्रमाणे लावलेलं. एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. दीक्षा द्यायची का? माझ्या दोघी मैत्रिणींचं म्हणणं, द्यावी. पायरी दिसली की माणूस चढतो, आणि सगळं एकट्यावर सोडल्यानं किती जणी मध्येच थांबल्या ते आपण पाहिलं आहे. माझं म्हणणं, देऊ नये. दीक्षा देणारीच्या हाती जी सत्ता येते, ती सांभाळण्याची व्यवस्था आमच्याकडे नाही, आणि बुवाबाजीनं पोळलेल्या या राज्यात तसली जागा निर्माण करण्याची मला भीती वाटते. धाकट्या मुलींपैकी एकीनं मधला मार्ग सुचवला आहे. दीक्षा नको, पण वर्षभराची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, आणि ऐकणारीनं हवे ते प्रश्न विचारायचे. पितृपक्ष संपला की आम्ही त्यावर बसणार आहोत.